निघायला शिदोरी लागते

पुणे,
ऑक्टोबर अखेर

चि. मुक्ता,


तुझं पत्र पोचलं. पक्षी काय नि माणसं काय, भुकेपोटी घर सोडतात. तेव्हा गावात पोटापुरतं मिळू लागलं की स्थलांतर आपोआप थांबेल, असं तू ठासून लिहिलं आहेस. विधान सुटसुटीत आहे आणि तू करणार आहेस त्या भाषणात टाळ्याही घेईल. पण ते निम्मंच खरं आहे, असं मला वाटतं. भूक माणसाला अस्वस्थ करते, हे कबूल. मात्र अस्वस्थ होणं निराळं आणि प्रत्यक्ष निघणं निराळं. निघायला गाठीला काहीतरी असावं लागतं. सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे, नेमका तोच पुष्कळदा जागचा हलू शकत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आधी पाखरांचंच बघ. अमूर ससाणा वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुझ्या मुठीत मावेल न मावेल एवढा. सैबेरिया, मंगोलिया, ईशान्य चीन या भागांत त्याची वीण होते आणि हिवाळा तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे काढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखो ससाणे नागालँडमध्ये दोयांग जलाशयाच्या परिसरात उतरतात. तेव्हा तिथे वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्यांचे लोट बाहेर पडत असतात. ससाणे उडता उडता त्या पायात पकडतात आणि हवेतच खातात. असे काही आठवडे चरून अंगावर पुरेशी चरबी चढली की मग भारताचं द्वीपकल्प ओलांडायचं आणि थेट अरबी समुद्रावर झेप घ्यायची. पांगती गावाजवळ 2013 साली काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली, तेव्हा या न थांबता होणाऱ्या उड्डाणाचा माग लागला. आता सांग, समुद्रावर निघणारा हा ससाणा भुकेला म्हणायचा का? तो पोटभर जेवून, अंगावर शिदोरी बांधून निघालेला असतो. ज्याची चरबी साठलेली नाही त्याच्यापुढे दोनच वाटा: थांबायचं, नाहीतर समुद्रात पडायचं.

गॉडविट नावाचा लांब चोचीचा पाणपक्षी तर याच्याही पुढचा. अलास्काहून निघण्याआधी त्याच्या वजनातला जवळजवळ निम्मा वाटा चरबीचा होतो. वाटेत खायचंच नाही, म्हणून आतडी आणि जठर आक्रसून घेतो. 2022 मध्ये त्या वर्षीच जन्मलेलं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला 11 दिवसांत, कुठेही न टेकता, साडेतेरा हजार किलोमीटर उडत गेलं.

तू म्हणशील, पाखरं उपजत प्रेरणेने जातात आणि माणूस विचार करून जातो. या दोघांना एका दावणीला कशाला बांधतोस? आक्षेप रास्त आहे. जर्मनीत पीटर बर्थोल्ड यांनी ब्लॅककॅप नावाच्या स्थलांतरी पक्ष्यांवर केलेले प्रयोग हेच सांगतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसमोर दाणापाणी भरपूर असलं, तरी शरद ऋतू आला की ते रात्र रात्र फडफडत राहायचे. स्थलांतर करणाऱ्या आणि न करणाऱ्या जातभाईंची वीण घडवली, तर पिल्लांत ही तगमग मधल्या प्रमाणात उतरली. म्हणजे ती रक्तात आहे. पण हा पुरावा तुझ्या बाजूने किती उपयोगाचा, ते बघ. वाटी भरलेली असतानाही पक्षी तगमगतो, तर भूक हे निघण्याचं तात्कालिक कारण उरतच नाही. माणसाची प्रेरणा मी पाखरावरून काढत नाही. प्रवासाचा खर्च आधी जमवावा लागतो, एवढाच दोघांतला समान धागा मी धरतो आहे.

माणसांच्या बाबतीत हे तपासून पाहिलेलंही आहे. बांगलादेशाच्या उत्तरेला रंगपूर भागात भात कापणीच्या आधीच्या महिन्यांत दरवर्षी उपासमारीचा काळ यायचा. तिथे त्याला ‘मोंगा’ म्हणतात. ढाक्यात आणि इतर जिल्ह्यांत त्याच दिवसांत काम मिळत असे. तरी बरीच कुटुंबं घरीच उपाशी बसून राहत. 2008 मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी काही गावांतल्या कुटुंबांना जाण्याच्या अटीवर साधारण साडेआठ डॉलर दिले, कुठे उसने, कुठे तसेच. बसभाडं आणि दोन-चार दिवसांचं जेवण निघेल, इतकीच ती रक्कम. तेवढ्यावर घरातला कुणीतरी कामाला बाहेर पडण्याचं प्रमाण 22 टक्क्यांच्या फरकाने वाढलं. मागे राहिलेल्यांच्या ताटातलं अन्न वाढलं आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही यातले बरेच जण पुन्हा गेले. भूक आधीही होती. नव्हतं ते भाडं, आणि काम नाही मिळालं तर पोराबाळांचं काय, ही जोखीम पेलायची ताकद. हाच उपक्रम पुढे मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि 2019 मध्ये तो गुंडाळावा लागला, हेही सांगतो. पैसे हातावर ठेवले की माणूस निघतो, असा सरळ हिशेब त्यातून काढू नकोस. पण पहिल्या प्रयोगात जे गेले ते आधी का थांबले होते, याचं उत्तर भुकेत सापडत नाही.

आपल्या कोकणाचंही तेच. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या त्या 1850 च्या दशकात आणि त्यांतल्या मजुरांचा मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याने केला. दुष्काळ तर देशावर जास्त पडत. पण कोकणच्या किनाऱ्याला आगबोट लागत होती आणि मुंबईत गावाची खोली होती. गिरणगावातल्या त्या खोलीत एकाच गावची माणसं पाळीपाळीने झोपत. भाडं वाटून, जेवण खानावळीत. नवा पोरगा बोटीतून उतरला की वळकटी टाकायला जागा आणि गिरणीत माणसं भरती करणाऱ्या जॉबरकडे शब्द टाकायला कुणीतरी हजर असे. ही त्याची शिदोरी, त्याच्या आधी गेलेल्यांनी बांधून ठेवलेली. शिवाय चाकरमान्याने गाव सोडलं म्हणावं, तर घर, म्हातारी आणि खाचरं त्याच्याच मनीऑर्डरीवर उभी. त्याच्या जाण्याने गावातलं घर टिकलं.

तुझा सगळ्यात वजनदार मुद्दा ऊसतोडीचा. बीडकडची, हाती काहीच नसलेली माणसं दर दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे जातात. मग कसली आली शिदोरी? तर ती असते, फक्त त्यांची नसते. मजूर जमवणारा मुकादम देतो ती उचल हीच ती शिदोरी. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, त्या कोयत्यावर रक्कम आगाऊ मिळते आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. नाही फिटली तर पुढच्या वर्षाला चढते. स्वतःच्या गाठीला असतं तर ही माणसं कामाचं ठिकाण निवडू शकली असती, पटलं नाही तर परत फिरू शकली असती. दुसऱ्याच्या शिदोरीवर निघालेल्याला दोन्ही मुभा नाहीत. ऊसतोडीतलं दुःख जाण्यापेक्षा या अटीत जास्त आहे, असं माझं मत आहे.

निर्वासितांचं काय, असंही विचारशील. घरावर चालून आलेल्या जमावापुढे कुणी गाठोडं मोजत बसत नाही, हे खरं. पण अशी माणसं किती लांब जातात ते बघ. जगभरात हुसकावल्या गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याच देशाच्या हद्दीत अडकून पडतात, आणि सीमा ओलांडणारे बहुतेक शेजारच्या देशात. दुष्काळातही तेच: आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचं पीक गेलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त समुद्रापार गेली. अगदी कंगाल होते ते बहुतांशी मेले. जहाजाचं भाडं ज्यांना कसंबसं जमवता आलं, किंवा जमीनदाराने नको म्हणून ज्यांचं भरलं, ते पोचले.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धचा पुरावा. राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अभ्यास झाला, तेव्हा असं आढळलं की उन्हाळ्यात गावातच रोजगार हमीचं काम निघालं की बाहेर जाणारे कमी होतात. शहरात मजुरी बरीच जास्त मिळत असूनही. म्हणजे तू म्हणतेस तेच झालं की! झालं खरं, पण त्याचं कारण गावाची सर्वसाधारण सुबत्ता वाढली हे नव्हे. ज्या महिन्यांत माणसं निघतात त्याच महिन्यांत काम दारात आलं, म्हणून ती राहिली. उघड्यावर झोपणं, पोरांची शाळा बुडणं, अनोळखी ठेकेदाराची बोलणी, हा सगळा खर्च मजुरीच्या फरकापेक्षा त्यांना जास्त वाटला. उलट, सुबत्ता नुसती थोडी वाढली तर जाणारे आधी वाढतात, असं देशादेशांच्या आकडेवारीत दिसतं. फार गरीब देशांपेक्षा मध्यम उत्पन्नाच्या देशांतून परदेशी जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. वेगवेगळे देश शेजारी ठेवून एका देशाचं भविष्य सांगता येतं का, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो वाद मला योग्य वाटतो. पण ‘विकास झाला की लोक घरी बसतील’ या खात्रीला त्या आकड्यांत सरळ आधार नाही.

तेव्हा तुझ्या भाषणात स्थलांतर कसं थांबवायचं हा प्रश्न ठेवणार असशील, तर त्याच्या आधी एक विचार: तुमच्या तालुक्यातून जी घरं कधीच बाहेर पडत नाहीत, ती खाऊनपिऊन सुखी आहेत म्हणून, की एसटीच्या भाड्यालाही महाग आहेत म्हणून? दोन्ही प्रकारची घरं ग्रामपंचायतीच्या कागदावर सारखीच दिसतात. माहिती मिळाली तर कळव. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा