विजेचें सोवळें

आमच्या आजीचें सोवळें नात्यागोत्यांत प्रसिद्ध होतें. लुगडें तिनें स्वतः धुवावें, स्वतः उंच वलणीवर काठीनें टाकावें आणि वाळल्यावर काठीनेंच उतरवावें. "कोणीं शिवलें नाहीं हो आजी," असें आम्हां मुलांनीं कितीही शपथेवर सांगितलें तरी तिचें उत्तर ठरलेलें असे: "मीं पाहिलें आहे का? मग पुन्हां पाण्यांत." आम्ही मनांतल्या मनांत हसत असूं. पुढें पस्तीस वर्षें कारखान्यांत वायरमनचें काम करतांना तिचें तें वाक्य आम्हांस अनेकदां आठवलें.

'वायरमन' हा शब्द वाचून कित्येकांच्या भुवया उंचावतील, हें आम्ही जाणतों. आमच्या घरींही त्या उंचावल्या होत्या. वडील शाळेंत संस्कृत शिकवीत, थोरले काका कचेरींत. धाकट्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत नांव घालावें आणि खिशाला पेनाऐवजीं टेस्टर लावावा, हें कोणासच रुचलें नाहीं. खोपोलीच्या जलविद्युत्केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांस 1915 सालापासून मिळूं लागली. त्या घटनेस साठांवर वर्षें लोटलीं होतीं. तरी विजेवर चालणाऱ्या यंत्रांची निगा राखणें हें 'आपल्यांतल्या' मुलाचें काम नव्हे, असेंच घरांत सर्वांचें मत होतें.

1986 सालच्या श्रावणांतली गोष्ट. रात्रपाळी होती, बाहेर पावसाची झड लागली होती. एका पंपाची मोटर गुणगुणूं लागली आणि थांबली. तीन फेजांपैकीं एक गेली कीं मोटर अशीच गुणगुणते; वेळेवर बंद न केल्यास तिची गुंडाळी जळते. पाळीचे अधिकारी घाईंत होते. "मेन स्विच मीं काढला आहे, लौकर आटपा," ते म्हणाले. आम्हीं पॅनेलचें दार उघडून टेस्ट लॅम्पचीं टोकें तारांस लावलीं. कारखान्यांत दोन फेजांमध्यें 415 व्होल्ट असतात, म्हणून 230 व्होल्टचे दोन दिवे एकापाठोपाठ जोडून हा लॅम्प करीत. दिवे लागले नाहींत. आम्हीं पान्हा हातीं घेतला.

इतक्यांत आमचा हेल्पर, एकोणीस वर्षांचा मुलगा, मागून हळूच म्हणाला, "काका, आपण दिवा पाहिला नाहीं."

नियम असा कीं आधीं जेथें वीज खात्रीनें आहे तेथें दिवा लावून पाहावा, मग बंद तारेवर, आणि शेवटीं पुन्हां चालू तारेवर. हा नियम त्याला आम्हींच शिकविला होता, आणि त्या रात्रीं आम्हींच तो गाळला. झोप, पाऊस, अधिकाऱ्यांची घाई हीं निमित्तें झालीं. खरें कारण अनुभवाचा ताठा. चारचौघांत पोरानें चूक दाखविली याचा आम्हांस रागच आला. त्या रागांतच दिवाबत्तीच्या चालू पॅनेलवर टोकें टेकविलीं. तेथेंही दिवे लागले नाहींत! एका दिव्याची तार तुटली होती, आणि त्या जोडणींत एक गेला कीं दोन्ही मुके. दुसरा लॅम्प आणून आमच्या पॅनेलला लावला, तों दोन्ही दिवे लख्ख पेटले. अधिकाऱ्यांनीं शेजारच्या राखीव पंपाचा स्विच काढला होता. दोन्ही स्विच सारखे, वरचीं नांवें पुसटलेलीं.

आम्हीं पान्हा खालीं ठेवला. हात कांपत होता. त्या रात्रीपासून स्विचला आमचें स्वतःचें कुलूप आणि किल्ली आमच्याच खिशांत, हा परिपाठ झाला. आजीची वलणी उंच कां होती, तें तेव्हां कळलें.

त्या दसऱ्यास तो मुलगा आमच्या घरीं जेवावयास आला. त्याचें कूळगोत्र कोणीं विचारलें नाहीं. आईनें त्यास आमच्या शेजारच्या पाटावर बसविलें, आणि आमच्या शिक्षणास हमाली म्हणणारे थोरले काका उठून त्याच्या पोळीवर स्वहस्तें तूप वाढूं लागले. "पुरे" म्हणेपर्यंत नव्हे, "पुरे" म्हणाल्यावरही!

आतां आम्ही निवृत्त झालों आहों. टेस्ट लॅम्पच्या जागीं चांगलीं मापकयंत्रें आलीं, नियम मात्र तोच आहे. खंडेनवमीच्या पूजेंत आम्ही अजून तो बिघडलेला लॅम्प मांडतों. नातवंडें कारण विचारतात, तेव्हां ही हकीकत सांगून आम्ही त्यांस घरच्या विजेच्या पेटीपाशीं नेतों. तेथें गळती झाल्यास वीज तोडणारा एक खटका असतो. तो बहुधा 30 मिलिअँपियरचा, म्हणजे 40 वॅटच्या साध्या दिव्यांतून जाणाऱ्या प्रवाहाच्या सहाव्या हिश्श्याचा. त्याहून अधिक प्रवाह छातींतून गेल्यास जिवावर बेततें. खटक्यावर 'टेस्ट'ची एक लहानशी कळ असते. ती महिन्यांतून एकदां दाबावी. खटका पडला तर तो कामाचा. न पडला तर त्याच दिवशीं वायरमनला बोलवावें.

वाचकहो, आपल्या घरची ती कळ शेवटची केव्हां दाबली होती?