राक्षसाचं भाषण

चि. मुक्ता,


तुझ्या मालिकेचा पहिला भाग वाचला. घुबडाचं प्रकरण झकास. राक्षसाच्या तोंडचं जातिभेदावरचं भाषण मात्र खटकलं. वाहिनीवाले सरळसरळ काही लिहू देत नाहीत म्हणून तू अद्भुताचा आडोसा घेतलास, हे कळतं. पण आडोशाला जाऊनही भाषणच ठोकायचं, तर तिथवर गेलीस कशाला?

रॉड सर्लिंगची ‘द ट्वायलाइट झोन’ बघ. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि गोरे आरोपी निर्दोष सुटले. त्यावरून सर्लिंगनं टीव्हीसाठी नाटक लिहिलं. प्रायोजकांनी धसका घेतला. कथानक न्यू इंग्लंडात हलवलं, सेटवरून कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा उचलल्या. का, तर त्यांनी दक्षिणेची आठवण होते! १९५९ मध्ये त्यानं ही अद्भुत मालिका सुरू केली, ती या जाचातूनच.

त्यातली मेपल स्ट्रीटची गोष्ट सगळे वाखाणतात. वीज जाते, गाड्या बंद पडतात आणि एकाचीच गाडी आपोआप सुरू होते. लगेच कुणाला तरी आठवतं, हा रात्री-अपरात्री आकाशाकडे बघत उभा असतो. बिचाऱ्याला झोप येत नसते, एवढंच. संशय कसा पसरतो ते इतकं नेमकं क्वचितच दिसतं. तरी माझी तक्रार आहे. गल्लीत सगळे गोरेच. बघणाऱ्याला वाटतं, हे शेजाऱ्याबद्दल चाललंय.

१९६३ च्या ‘हीज अलाइव्ह’मध्ये हिटलरची सावली येते. शेवटी सर्लिंग स्वतःच सगळं समजावून सांगतो, आणि गोष्ट बसते.

मला आवडतो तो १९६० चा ‘द बिग टॉल विश’. उतारवयाकडे झुकलेला मुष्टियोद्धा आरशापुढे उभा राहून चेहऱ्यावरचे व्रण कुठकुठल्या लढतीतले ते एका पोराला सांगतो. पोराच्या इच्छेच्या जोरावर हरलेली लढत जिंकली जाते, पण गड्याचा जादूवर विश्वास बसत नाही. मुख्य पात्रं कृष्णवर्णीय. वर्णद्वेषाचा मात्र अवाक्षरानंही उल्लेख नाही. तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीवर ही निवडच पुरेशी बोलकी होती.

तेव्हा भाषण काढच. गावजेवणात राक्षसाला शेवटच्या पंगतीला बसव, आणि का, हे एकाही पात्राला विचारू देऊ नकोस. वाहिनीवाले हरकत घेणार तरी कशाला?

पुढचा भाग लवकर धाड. घुबडाला नाव दे बाई, नुसतं घुबड काय म्हणायचं!

तुझी,
मावशी