आनंदी

आमच्या घरीं गेल्या वर्षीं नात जन्मास आली, आणि बारशाला आठ दिवस उरले असतांना रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर नांवाची सभा भरूं लागली. नांव ठेवणें हें काम आतां पूर्वीइतकें सोपें राहिलेलें नाहीं. पूर्वीं देवादिकांचीं आणि नद्यांचीं दहा-वीस नांवें असत, त्यांतलें एखादें उचलावें कीं झालें. आतां नांव लहान हवें, अर्थपूर्ण हवें, शिवाय परदेशांतल्या माणसालाही तें उच्चारतां आलें पाहिजे! चवथ्या रात्रीं सून एकदम म्हणाली, "बाबा, तुमच्या आजीचें नांव काय होतें?"

"आनंदी," मीं सांगितलें. सभा क्षणभर गप्प झाली आणि मग सर्वांनीं माना डोलावल्या.

फक्त माझ्या थोरल्या वहिनींनीं नापसंती दाखविली. "काय हें भावोजी! 'ध' चा 'मा' करणाऱ्या बाईचें नांव त्या कोवळ्या पोरीला ठेवायचें?"

वहिनींशीं वाद घालण्याचें धैर्य मला गेल्या चाळीस वर्षांत झालेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं पिशवी उचलली आणि वाचनालयाची वाट धरली. या नांवाच्या आणखी कोणी बायका ग्रंथांत भेटतात का तें पाहावें, आणि त्यांतली एखादी चांगलीशी साक्षीदार वहिनींपुढें उभी करावी, एवढाच माझा हेतु. वाचनालयांत नाटकें एका कपाटांत असतात, चरित्रें दुसऱ्या, कादंबऱ्या तिसऱ्या. मी मात्र विषय सोडून नांव धरून हिंडत होतों, त्यामुळें ग्रंथपाल माझ्याकडे जरा संशयानेंच पाहूं लागले. पण परततांना माझ्या पिशवींत चार पुस्तकें होतीं: खाडिलकरांचें 'भाऊबंदकी' नाटक, काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी, आणि आनंदीबाई कर्वे यांचें 'माझें पुराण' हें आत्मचरित्र. एरवीं एका फळीवर कधींच न येणारीं हीं चार पुस्तकें केवळ एका नांवामुळें माझ्या टेबलावर एका पंक्तीला बसलीं.

आरोपीपासून सुरुवात करावी म्हणून आधीं १९०९ सालचें 'भाऊबंदकी' उघडलें. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांना ठार मारलें, आणि त्या रक्ताचे शिंतोडे राघोबादादांबरोबर त्यांच्या पत्नीवरही उडाले. 'धरावें' या शब्दांतला 'ध' खोडून तिनें 'मा' केला, ही गोष्ट दंतकथाच. रामशास्त्र्यांनीं दोषी धरलें तें राघोबादादांना. पण लोकांच्या स्मरणांत न्यायाधीशाच्या निवाड्यापेक्षां एक अक्षर अधिक टिकलें. एवढ्यानें वहिनींचें समाधान होणार नाहीं हें मी जाणून होतों, म्हणून पुढचें पुस्तक घेतलें.

काशीबाईंचें चरित्र आधींचें, आणि जोशांची कादंबरी १९६८ ची. दोहोंची नायिका एकच: नवव्या वर्षीं लग्न झालेली, चौदाव्या वर्षीं दहा दिवसांचें मूल गमावलेली, १८८३ सालीं एकटी अमेरिकेस गेलेली आणि १८८६ सालीं डॉक्टर होऊन बाविशी पुरी होण्याच्या आधींच, १८८७ च्या फेब्रुवारींत, पुण्यांत मरण पावलेली. काशीबाईंचे बोट धरून मी तिच्या दारापर्यंत गेलों. चरित्रकर्तीला सभ्यपणें तेथें थांबावें लागतें. कादंबरीकार मात्र सरळ आंत शिरतो. बायकोनें शिकलेंच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या गोपाळरावांच्या त्या हट्टाखालीं ती पोर किती भरडली गेली असेल, हें मला कादंबरी वाचतांना प्रथम जाणवलें, आणि मग चरित्र पुन्हां उघडावेंसें वाटलें.

'माझें पुराण' १९४४ सालचें. हें पुस्तक म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या बाईनें ओटीवर बसून सांगितलेल्या गोष्टी. आठव्या वर्षीं विधवा झालेली देवरुखची ही मुलगी १८८९ सालीं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकावयास गेली, आणि १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला. मुरुडकरांनीं त्या दोघांवर बहिष्कार घातला. गंमत अशी कीं, पहिल्या आनंदीबाईंना पदवी मिळाली तो दिवस ११ मार्चचा, आणि दुसऱ्या आनंदीबाईंचें लग्न लागलें तोही ११ मार्चचाच! वहिनींपुढें ठेवण्यास आतां दोन भक्कम साक्षीदार मिळाल्या, म्हणून मी मनांत खूष झालों.

पण त्याच वेळीं एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली आणि ती खुषी मावळली. डॉक्टर आनंदीबाईंचें माहेरचें नांव यमुना. कर्वे यांच्या आनंदीबाईंचें गोदू. दोघींपैकीं कोणीही आनंदी म्हणून जन्मास आली नव्हती! ज्या नांवाच्या दोऱ्यांत मी हीं पुस्तकें ओवीत बसलों होतों, तो दोरा लग्नाच्या मांडवांत वळलेला होता. ताटांत तांदूळ पसरावयाचे, नवऱ्यानें अंगठीनें त्यांत नवें नांव लिहावयाचें, आणि यमुना काय किंवा गोदू काय, पुसली गेली. एका कागदावरचें एकच अक्षर बदलल्याचा आरोप आम्ही एका बाईवर अडीचशें वर्षें करीत आलों. आणि घरोघरीं बायकांचीं सबंध नांवें बदललीं गेलीं, तेव्हां आम्ही पेढे वांटले.

मग माझी आजी? तीही आमच्या घरीं आल्यावरच आनंदी झाली असणार. मीं नव्वदी गांठलेल्या आत्येला फोन केला.

"आईचें माहेरचें नांव?" आत्या बराच वेळ बोलली नाहीं. "अरे, आम्ही तिला आई म्हणत होतों. बाबा तर हांकच मारीत नसत. 'ऐकलंस का' एवढेंच. माहेरचीं माणसें आलीं कीं तिला कांहींतरी निराळ्या नांवानें हांक मारीत खरीं, आणि ती चुलीपुढून लगबगीनें उठून जाई. तेवढें आठवतें. नांव मात्र आठवत नाहीं रे."

त्या रात्रीं मीं सभेपुढें सगळी हकीकत सांगितली आणि हें नांव नकोच, असेंही सुचविलें. माझ्या सुनेनें लग्नानंतर नांव बदललेलें नाहीं. ती रागावेल असें मला वाटलें होतें. ती शांतपणें म्हणाली, "नांवाचा काय दोष, बाबा? आपल्या घरांत हें नांव पाळण्यांत मिळणारी ही पहिलीच होईल."

मी वहिनींकडे पाहिलें. त्या बोटांनीं पदराचें टोंक चाळवीत होत्या. "माझें कुसुम होतें," त्या म्हणाल्या, "आठवींत वर्गांत तीन कुसुम होत्या." आणि मग स्वतःशींच हंसल्या. मी अठ्ठावीस वर्षांचा असतांना त्या आमच्या घरांत आल्या. चाळीस वर्षें त्यांच्या हातचें जेवलों, त्यांना वहिनी म्हटलें. परंतु हें नांव मीं त्या रात्रीं पहिल्यांदा ऐकलें, कारण आजवर विचारण्याचें मला सुचलेंच नव्हतें.

बारशाच्या दिवशीं पाळण्याची दोरी वहिनींनींच हातीं घेतली. बाळाच्या कानांत वांकून आनंदी हें नांव त्यांनीं सांगितलें, तें त्यांच्याविरुद्ध मीं गोळा केलेल्या एकाही साक्षीदाराचा उपयोग न करतां. मागाहून आहेर पाहत बसलों तेव्हां एक चांदीची वाटी हातीं लागली. तिच्यासोबतच्या चिठ्ठीवर थरथरत्या, पण सुरेख अक्षरांत लिहिलें होतें: 'चि. आनंदीस, कुसुमआजीकडून.'