तात्यांची दारं

वरंधला आषाढ लागला की दारं फुगतात. नव्या घरांतली खांदा लावल्याशिवाय हलत नाहीत. तात्यांनी केलेलं दार मात्र भर पावसातही एका हातानं लोटलं जातं. चौकट आणि फळी यांच्यात ते पावसासाठी जागा सोडायचे. किती, ते मापात कधी सांगितलं नाही. लाकडावरून हात फिरवायचे, ते कुठल्या झाडाचं आणि किती वाळलंय ते पाहायचे आणि मग रंधा घ्यायचे. वरंधा घाट उतरून रस्ता जिथे महाडकडे वळतो, तिथल्या सुताराला भर उन्हाळ्यातही पाऊस धरूनच काम करावं लागतं.

तात्या म्हणजे माझे वडील. वाकस, पटाश्या, सामता, गुण्या हे सगळं त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेलं. मृगाच्या आधी अंगणात नांगरांची आणि जुवांची रास पडायची. रोख पैसा क्वचित. भात झोडून झालं की बलुतं यायचं. त्यातलंच थोडं विकून आमच्या शाळेची पुस्तकं आली. बरोबरीचे कितीतरी जण मुंबईला गिरणीत गेले. १९८२च्या संपानंतर त्यांतले काही परतले, तेव्हा त्यांच्या घरांच्या तुळया आणि वासे तात्यांनीच चढवले. मजुरी सवडीनं द्या म्हणाले. ती सगळी कधीच आली नाही. आईला ते ठाऊक होतं, पण तिनं कधी विषय काढला नाही. त्यांचा संसार मला या एका गोष्टीत सगळा दिसतो.

खांबाला ऐन, किंजळ, देवघराला फणस. कुसू खाचेत असा बसायचा की खिळ्याची गरजच पडू नये. पुढे पॉवर टिलर आले, स्लॅब आले, गुडघेही थकले. काम थांबलं तरी हत्यारांना धार लावणं थांबलं नाही. नातवंडांचे पाट आणि लाटणी याच निवृत्तीतली.

२२ जुलै २०२१ला तळीयेवर डोंगर कोसळला. ऐंशीच्या वर माणसं गेली. त्या वाडीतही तात्यांच्या हातची दारं होती. ते बराच वेळ गप्प बसले. मग कुठल्या घराला कसलं लाकूड घातलं होतं, कुणी चहा दिला होता, दार बसवताना कुठलं पोर मधे मधे करत होतं, हे एकेक करून आईला सांगत राहिले. त्या रात्री जेवले नाहीत.

आता तात्या नाहीत. त्यांचं नाव कुठल्याही दारावर नाही. चौकटीवर कोरलंच तर घरमालकाचं नाव कोरतात. त्यांनी हिशेबाची वहीही ठेवली नव्हती. म्हणून एवढंच मागणं आहे: गावचं जुनं घर उतरवाल तेव्हा चौकट सरपणात टाकण्याआधी ती कुणाच्या हातची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि ते नाव लिहून ठेवा.