गॅलन, पण कोणता?

सोमाटण्याजवळच्या परंदवडीपासून तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कपर्यंत मावळात पॉलिहाऊस उभी राहिली, व्हॅलेंटाइन डेसाठी इथला गुलाब परदेशी जाऊ लागला आणि शेतीच्या हिशेबात गॅलन पुन्हा शिरला. आपण 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. तरीही गवंडी हौद फुटांत बांधतो, पाणी लिटरमध्ये मोजले जाते आणि आयात केलेल्या पंपाच्या पट्टीवर किंवा औषधाच्या माहितीपत्रकात गॅलन असतो. पाण्याची साठवण हा माझा विषय आहे आणि माझा आग्रह एकच आहे: साठा आधी लिटरमध्ये पक्का करावा, गॅलन सर्वांत शेवटी काढावा आणि तो ब्रिटिश की अमेरिकन, हे आकड्याच्या शेजारीच लिहावे.

अमेरिकेने जुना इंग्लिश वाइन गॅलन कायम ठेवला. तो 231 घनइंचांचा, म्हणजे 3.785 लिटरचा. ब्रिटनने 1824 मध्ये दहा पौंड पाण्याच्या आकारमानावर नवा गॅलन ठरवला, तो 4.546 लिटरचा. आपल्याकडे रुजला तो हाच. त्यामुळे एका घनफुटात ब्रिटिश गॅलन 6.23 आणि अमेरिकन 7.48 बसतात. आपल्या जुन्या पुस्तकांतला 6.23 आणि नव्या यंत्राबरोबर आलेला 7.48 हे दोन्ही गुणक बरोबरच आहेत, म्हणून तर घोळ लवकर उमगत नाही.

शेततळ्याचेच पाहा. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले 30 × 30 × 3 मीटरचे तळे घ्या. सरळ गुणाकार केला तर 2700 घनमीटर येतात. पण तळ्याच्या बाजू उभ्या नसतात. उतार एकास एक धरला तर तळ 24 × 24 उरतो आणि मध्यावर 27 × 27. अशा उतरत्या तळ्याच्या घनफळाच्या सूत्रात मधले क्षेत्रफळ चौपट धरतात: वरचे 900, मधल्या 729 ची चौपट 2916, तळाचे 576, बेरीज 4392. तिला सहाने भागून तीनने गुणले की 2196 घनमीटर मिळतात. म्हणजे पाच लाख लिटर पाणी नुसते कागदावर होते. आता गॅलन काढू. खरा साठा अमेरिकन मापाने सुमारे 5.80 लाख गॅलन. उतार विसरून केलेला चुकीचा गुणाकार ब्रिटिश मापाने 5.94 लाख. दोन स्वतंत्र चुका एकमेकींना झाकतात, आकडा जवळपास जुळतो आणि तपासणारा निर्धास्त होतो. मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती या जुळण्याची. लिटरचा आकडा आधी मांडला असता तर 27 लाख आणि 21.96 लाख हा फरक पहिल्याच ओळीत दिसला असता. सिमेंटच्या हौदालाही हेच लागू आहे: बाहेरून 10 × 8 फूट दिसणारा हौद नऊ इंची भिंती वजा करता आतून 8.5 × 6.5 च भरतो, आणि उंची धरायची ती ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत, स्लॅबपर्यंत नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मोबाइल क्षणात रूपांतर करून देतो. देतो, पण नुसते ‘गॅलन’ म्हटले की तो बहुधा अमेरिकन धरतो, आणि तळ्याचा उतार त्याला कोण सांगणार? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सिंचनात पाणी थोडे इकडेतिकडे झाले तर पीक सांभाळून घेते, मग एवढा काटेकोरपणा कशाला? निव्वळ पाण्यापुरते हे मला मान्य आहे. विद्राव्य खतांतली चूकही द्रावणातल्या क्षारांचे प्रमाण सांगणारा ईसी मीटर दाखवून देतो. औषधाच्या मात्रेला मात्र असा पहारेकरी नाही. ‘दर 100 गॅलनला एक पौंड’ अशी सूचना ब्रिटिश मापाने 454 लिटरला 454 ग्रॅम, म्हणजे लिटरला जवळजवळ नेमका एक ग्रॅम होते. तीच सूचना अमेरिकन असेल तर 378 लिटरला 454 ग्रॅम, म्हणजे लिटरला 1.2 ग्रॅम. दोनशे लिटरच्या पिंपात 200 ग्रॅम टाकायचे की 240, हे त्या एका न लिहिलेल्या शब्दावर ठरते. कमी पडले तर लाल कोळी पुरता मरत नाही आणि वाचलेल्यांतून औषधाला दाद न देणारी पिढी वाढते; जास्त झाले तर कोवळी पाने करपू शकतात आणि निर्यातीच्या फुलावर औषधाचा अंशही जास्त उरतो.