वाघ, वाटाड्या आणि मेहुणा

मालेगावच्या माणसाने शिकारीवर लिहिणं म्हणजे कोकणातल्या माणसाने उंटावर बसण्यासारखं आहे. आमच्या गावात मोसम नदी आहे, भुईकोट किल्ला आहे, मोजता येणार नाहीत इतके यंत्रमाग आहेत. वाघ मात्र नाही. चुकून आलाच, तर रात्रभर मागांचा खडखडाट ऐकून सकाळी बदलीचा अर्ज टाकील. तरीसुद्धा आमच्या शाखेतल्या मंडळींनी गेल्या वर्षी एल. एफ. सी. घेऊन ताडोब्याला जायचं ठरवलं आणि शिकारी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेला प्रश्न आमच्यापुढेही येऊन उभा राहिला : वाटाड्या घ्यायचा, की आपलं आपण जायचं?

आमची शिकार कॅमेऱ्याची, हे सांगायला नकोच. बंदुकीची हौस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोडीत काढली. आज वाघ मारला तर सात वर्षांपर्यंत सरकारी पाहुणचार मिळतो. त्या सहलीत वाटाड्याची निवड आपल्याकडे नसते.

आमचे हेडकॅशियर 'आपलं आपण' पक्षाचे. दुसऱ्याने मोजलेलं नोटांचं बंडल जो माणूस पुन्हा मोजतो, तो दुसऱ्याने पाहिलेला वाघ कसा मान्य करील? "पैसे देऊन दुसऱ्याच्या बोटाकडे बघायचं, यात कसली आलीय शिकार?" ते म्हणाले. "जुने शिकारी काय गाईड घेऊन जायचे?" कर्जविभागातल्या मॅडम विरुद्ध पक्षात. जामीनदाराशिवाय प्रकरण पुढे न्यायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. आणि वाघ म्हणजे तर उघड उघड विनातारण व्यवहार.

मी पडलो बी. कॉम. दोन्ही बाजूंचा ताळेबंद मांडायला बसलो.

आता जुन्या शिकाऱ्यांचंच बघा. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज १९११ च्या दिल्ली दरबारानंतर नेपाळच्या तराईत शिकारीला गेले. दहा दिवसांत ३९ वाघ पडले. पण त्यासाठी शेकडो हत्तींचा ताफा हाताशी होता. हत्तींचं रिंगण करून वाघ आधीच कोंडून ठेवायचा आणि मग राजेसाहेबांनी चाप ओढायचा. म्हणजे आमच्याकडे मॅनेजरसाहेब सही करतात तशातलाच प्रकार. फाईल सगळी खालून तयार होऊन येते.

लहानसहान साहेबांची तऱ्हा निराळी नव्हती. कुणी वनखात्याकडून परवाना काढून जंगलातला एखादा 'ब्लॉक' ठरावीक दिवसांसाठी घेई आणि आपलं आपण शिकार केल्याचं सांगे. कुणी परदेशी पाहुणा नागपूरच्या 'ऑल्विन कूपर'सारख्या कंपनीला पैसे मोजी. मग सगळा सरंजाम कंपनीचा. पण दोन्हीकडे वाघ पाण्यावर कुठल्या वाटेने येतो, रेडकू कुठे बांधायचं, मचाण कुठल्या झाडावर चांगलं, हे सांगणारा माणूस जंगलातल्या गावचाच. हाका घालताना डबे बडवत वाघाच्या मागून पायी चालणाराही तोच. साहेब झाडावर. मग फोटो. फोटोत साहेब, बंदूक आणि साहेबांच्या बुटाखाली वाघ. वाटाड्या बहुधा नाहीच; असलाच तर कडेला, बिननावाचा.

ज्या देशांत अजून बंदुकीची शिकार चालते, तिथे हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. अमेरिकेतल्या अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तपकिरी अस्वल मारायचं असेल, तर परवानाधारक वाटाड्या बरोबर लागतो. मात्र अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असेल तर वाटाड्या नसला तरी चालतो. आणि या जवळच्या नातेवाइकांत मेहुणाही धरला आहे! कायदा करणाऱ्यांना मेहुणे नसावेत. माझा मेहुणा एकदा मला जवळच्या रस्त्याने सटाण्याला नेतो म्हणाला आणि तासाभराने आम्ही नांदगावच्या स्टँडवर चहा पीत होतो. मालेगावकरांना यातली भूगोलाची गंमत सांगायला नको. अस्वलाची बाजू मी त्या दिवसापासून समजू शकतो.

ताडोब्याआधी रंगीत तालीम म्हणून हेडकॅशियर एका रविवारी मला मोटारसायकलवर घालून येवला तालुक्यातल्या ममदापूरकडे घेऊन गेले. तिथे काळविटांचं राखीव वन आहे. वाटाड्या अर्थातच नाही. राजापूरच्या पुढे रस्त्याकडेला गाडी थांबवून त्यांनी दुर्बीण लावली आणि पुटपुटले, "अकरा आहेत. सगळ्या माद्या." शेजारी काठी टेकून उभा असलेला म्हातारा मेंढपाळ बराच वेळ ऐकत होता. शेवटी त्याला राहवेना. "भाऊ, ती माझी शेरडं हायेत. काळवीट तिकडं, बाभळीच्या पल्याड." आम्ही बघितलं. काळ्या पाठीचा, पीळदार शिंगांचा नर आमच्याकडेच बघत उभा होता, बहुधा मघापासूनच. हेडकॅशियर परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "त्याला आपण फी दिलेली नाही. तेव्हा तो गाईड धरता येणार नाही."

मग मॅडमनी ताडोब्याचे नियम आणून टेबलावर ठेवले. गाईडशिवाय गाडी आत सोडतच नाहीत. वाद निकालात निघाला. मनमाडला रात्रीची गाडी धरून नागपूर, तिथून चंद्रपूर आणि पहाटे मोहर्लीच्या गेटवर. आमची गाईड गावातलीच, पंचविशीतली मुलगी. तिने आधी ताडोबाची गोष्ट सांगितली. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला, त्याचाच हा देव झाला म्हणतात. हेडकॅशियर बॅगेतला कॅमेरा शोधत होते.

अर्ध्या तासाने तिने हात वर केला. "थांबा सर. वांदर ओरडून राह्यला." मग चितळाची शीळ आली. ती एका हाताने ड्रायव्हरला मागे घ्यायला सांगत होती आणि दुसऱ्या हाताने हेडकॅशियरांचा कॅमेरा उलट्या बाजूला वळवत होती. "तिकडं नाही सर, इकडं." वाघ रस्ता ओलांडून बांबूत शिरला. दहा सेकंदं. गाडीत कुणी श्वास घेतला नाही.

परतताना तिला विचारलं, हे शिकलीस कुठे? "बाबांच्या मागं मागं फिरून." आणि तुम्ही काय करता, सर?

मी म्हटलं, बँकेत आहे. मनात म्हटलं, मीसुद्धा वाटाड्याच. मागावर काम करणारे चाचा विड्रॉल स्लिप पुढे करून विचारतात, "बाबूजी, यहाँ क्या लिखना है?" मी बोट ठेवतो. हल्ली कोपऱ्यात यंत्र बसवलं आहे आणि चाचांनी आपलं आपण जायचं आहे. ते यंत्रासमोर उभे राहतात, आमचे हेडकॅशियर ममदापूरला उभे होते तसे. मग हळूच माझ्या खिडकीशी येतात. मी बोट ठेवतो. एके दिवशी खिडकीच नसेल. त्या दिवशी शेरडं कोणती आणि काळवीट कोणतं, हे त्यांना कोण सांगणार, याचं उत्तर त्या यंत्राच्या माहितीपत्रकात मी शोधलं. छापलेलं नाही.

वाघाचा फोटो आता शाखेच्या नोटीस बोर्डावर आहे. मागचे दोन पाय, शेपटी आणि पुष्कळसा बांबू. खाली 'छायाचित्र' म्हणून हेडकॅशियरांचं नाव. परवा मॅडमनी त्याखाली शाईने आणखी एक ओळ घातली : 'वाटाड्या', आणि पुढे त्या मुलीचं नाव. हेडकॅशियरांनी ते पाहिलं. फोटो काढला, नोट तपासावी तसा उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. आणि काही न बोलता पिना मारून पुन्हा लावला.