तुटलेलें अक्षर

आमच्या तीर्थरूपांनीं उमेदीच्या काळांत एक लहानसा निबंधसंग्रह स्वखर्चानें छापून तो चार मासिकांकडे अभिप्रायार्थ पाठविला होता. दोघांनीं त्याची केवळ 'साभार पोंच' दिली. एकानें चार ओळींत गोड स्तुति केली. आणि एकानें अर्धें पान खर्चून त्यांतील अकरा चुका पृष्ठांकांसह दाखवून दिल्या. तीर्थरूपांच्या पश्चात् त्यांच्या कागदपत्रांत आम्हांस जपून ठेविलेलें जें एकच कात्रण सांपडलें, तें या शेवटच्या अभिप्रायाचें. स्तुतीच्या चार ओळींचा कोठें मागमूसही नव्हता. त्या वेळीं आम्हांस याचें नवल वाटलें. त्याचा अर्थ कळावयास मात्र आणखी कांहीं वर्षें आणि एक फजिती लागली. तीच फजिती आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तीर्थरूपांच्या वह्यांतील अप्रकाशित निबंध चार लोकांच्या वाचनांत यावे, म्हणून सेवानिवृत्तीनंतर आम्हीं एक संकेतस्थळ उघडलें. तें चालतें वर्डप्रेसवर. मॅट मुलनवेग व माइक लिटल या दोघांनीं २००३ सालीं ही प्रणाली जगापुढें ठेविली. ती विनामूल्य तर आहेच. शिवाय तिची घडण कोणासही उघडून पाहतां येते व बदलतां येते. मूळ प्रणालींत जी सोय नसेल, ती प्लगिन नांवाची पुरवणी जोडून मिळवितां येते. अशा हजारों पुरवण्यांची एक सार्वजनिक सूची असून प्रत्येकीच्या पानावर वापरणारांचे अभिप्राय एक ते पांच ताऱ्यांच्या मापानें मांडलेले असतात. आम्हीं घेतलेली पुरवणी नेमल्या दिवशीं लेख प्रसिद्ध करी आणि त्याच्या आरंभींचा थोडा उतारा मुखपृष्ठावर आपोआप मांडी. आमच्यासारख्या वृद्धास ती मोठीच सोय होती.

एके सकाळीं त्या पुरवणीची नवी आवृत्ति आली, आणि मुखपृष्ठावरील कित्येक उताऱ्यांच्या शेवटीं अक्षराऐवजीं शंकरपाळ्याच्या आकाराची एक काळी आकृति व तिच्या पोटांत पांढरें प्रश्नचिन्ह दिसूं लागलें. तीर्थरूपांनीं आपल्या आईवर लिहिलेल्या निबंधाचा उतारा 'तिच्या हाता' येथवर येई, आणि पुढें तें काळें शंकरपाळें! ज्यांनीं एका अनुस्वारासाठीं आम्हांकडून पानेंच्या पानें पुन्हा लिहून घेतलीं, त्यांच्या लेखाची ही दशा पाहून आमचें डोकें फिरलें. आम्हीं तडक त्या पुरवणीच्या पानावर जाऊन एक तारा दिला व खालीं लिहिलें कीं, ही वस्तु अगदीं टाकाऊ आहे, कोणीं घेऊं नये. एवढें केल्यावर अन्यायाचा प्रतिकार केल्याचें समाधान मानून आम्ही चहास बसलों.

आमची पुतणी याच व्यवसायांत आहे. सायंकाळीं तिनें तो अभिप्राय वाचला व ती म्हणाली, "काका, तुम्ही रागावलांत हें त्याला कळलें, पण बिघडलें काय, तें कुठें सांगितलेंत?"

"त्याला दिसत नाहीं काय?" आम्हीं विचारलें.

"कसें दिसणार? त्यानें देवनागरी मजकूर कधीं घालून पाहिलाच नसेल."

मग तिनें आम्हांस त्यांतलें मर्म समजावून दिलें. यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ असलेल्या संकेतांत साध्या इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हीं देखील स्वतंत्र चिन्हेंच होत. नव्या आवृत्तींत उतारा बाइट मोजून तोडला जात होता. त्यानें इंग्रजी अक्षर कधींच दुभंगत नाहीं. आपलें चिन्ह मात्र मधोमध चिरलें जातें. घाव दैवयोगानें दोन चिन्हांच्या सांध्यावर पडला तर उतारा सुखरूप राहतो, म्हणूनच आमचे कांहीं उतारे वांचले होते. बनविणाराच्या यंत्रावर, त्याच्या भाषेंत, सर्व कांहीं ठाकठीक चालत होतें.

त्या रात्रीं आम्हीं त्या पानावरील मागचे अभिप्राय चाळले. अक्षर तुटल्याची तक्रार कोणींही केलेली नव्हती. आमच्यापूर्वीं तेथें देवनागरी वापरणारा कोणी आलाच नसेल, असें मानवेना. जे आले, ते शंकरपाळें पाहून निमूटपणें पुरवणी काढून निघून गेले असावे. आम्हीं रागावून तरी लिहिलें होतें. परंतु त्याच्या उपयोगाच्या दृष्टीनें आमचा राग आणि त्यांचें मौन यांत अंतर तें कोणतें?

मोठ्या प्रमाणावरही असेंच घडलें आहे. वर्डप्रेसनें गुटेनबर्ग नांवाची नवी लेखनपद्धति २०१७ सालीं प्रथम पुरवणीच्या रूपानें लोकांपुढें ठेविली आणि ६ डिसेंबर २०१८ रोजीं ५.० या आवृत्तींत तिला मूळ प्रणालींत स्थान दिलें. तिच्यावर एकेका ताऱ्याचा वर्षाव झाला. जुनी पद्धति परत आणून देणारी क्लासिक एडिटर ही पुरवणी लाखों संकेतस्थळांनीं जोडून घेतली. प्रथम २०२१ पर्यंतच सांगितलेली तिची मुदत पुढें वाढविण्यांत आली. तेव्हां लोकांच्या नाराजीसही वजन असतें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ज्यांस डोळ्यांनीं दिसत नाहीं, जे पडद्यावरील मजकूर यंत्राकडून वाचवून घेतात, किंवा ज्यांस माउस चालवितां येत नाहीं, अशांच्या अडचणी ताऱ्यांच्या बेरजेंतून उमजण्याजोग्या नव्हत्या. डब्ल्यूपीकॅम्पस या मंडळीनें वर्गणी जमवून टेनन या संस्थेकडून त्या पद्धतीची कसून तपासणी करविली आणि २०१९ च्या मे महिन्यांत तो अहवाल सर्वांस खुला केला. त्यांत दोष एकेक करून नोंदले होते, आणि त्यांतील अनेक पुढें दूरही झाले. हें वाचतांना आम्हांस तीर्थरूपांचें तें कात्रण आठवलें.

धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, असें आपल्याकडे म्हणतात. फुकट मिळालेल्या वस्तूचे दोष काढणें कृतघ्नपणाचें, असा त्याचा रोख. परंतु जी वस्तु अनेकांनीं मिळून वाढवावयाची, तिच्या बाबतींत हा संकोच घातक ठरतो. आपल्या लिपीस कोठें ठेंच लागते, हें आपण न सांगितलें तर दुसरा कोण सांगणार? आणि सांगावयाचें तर फुकट देणारास वेतनी नोकर समजून कां सांगावें?

आम्हीं त्या पुरवणीच्या साहाय्य-विभागांत नव्यानें लिहिलें. आवृत्ति कोणती, उताऱ्याची लांबी किती ठेविली आहे, काय दिसावयास हवें व काय दिसतें, हें क्रमवार मांडलें. पुतणीनें सांगितलेलें कारण जोडलें. आणि तीर्थरूपांचें तें आईच्या हातांविषयींचें वाक्य नमुन्यादाखल दिलें. आदल्या उद्धटपणाबद्दल क्षमाही मागितली. चौथ्या दिवशीं उत्तर आलें. त्या गृहस्थानें आभार मानून विचारलें होतें कीं, ही भाषा कोणती, आणि हें वाक्य मी आपल्या चाचण्यांत कायमचें ठेवूं काय? यापुढें प्रत्येक नवी आवृत्ति बाहेर पडण्यापूर्वीं त्याच वाक्यावर तोडून पाहिली जाईल. एक चिन्ह जरी तुटलें तरी ती आवृत्ति अडविली जाईल.

आम्हांस थोडा वेळ कांहीं लिहवेना. जें वाक्य तीर्थरूपांच्या हयातींत कोणत्याही मासिकानें छापिलें नाहीं, तें आतां एका अपरिचित माणसाच्या दारांत पहारेकऱ्यासारखें उभें राहणार होतें. आम्हीं होकार कळविला. आठवड्याभरांत दुरुस्त आवृत्ति आली व सारे उतारे सुखरूप झाले.

मग आम्हीं आपला जुना अभिप्राय उघडून त्यांतील मजकूर सगळा बदलला आणि एकाचे चार तारे केले. पांचवा राखून ठेविला आहे. कारण लेखाखालची तारीख अद्याप मराठी अंकांत उमटत नाहीं. अर्थात् तेंही, कोठें व कसें तें लिहून, आम्हीं त्यांस कळविलें आहे.